अडत दुकानाची वेबसाइट: वर्डप्रेस, ह्यूगो की रिअॅक्ट?

सांगलीच्या मार्केट यार्डातलं एखादं अडत दुकान वेबसाइट मागतं तेव्हा काम साधंच असतं. दहा-पंधरा पानं, हळद-बेदाण्याची माहिती, सौद्यातले रोजचे दर, फोन नंबर. घोडं अडतं ते कशात बांधायची यावर: वर्डप्रेस (ब्राउझरमधूनच मजकूर भरता येणारी, डेटाबेसवर चालणारी यंत्रणा), ह्यूगो (पानं आधीच तयार करून ठेवणारं साधन) की रिअॅक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी). मी तिन्ही करून बघितलंय.

रिअॅक्टचं आधी उरकतो. नेहमीच्या पद्धतीनं बांधलं तर ब्राउझरकडे जवळजवळ रिकामं पान जातं, मग जावास्क्रिप्ट उतरते, मग मजकूर दिसतो. विश्रामबागेत वायफायवर बसून हे जाणवत नाही. तासगावच्या पुढं बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या स्वस्तातल्या फोनवर जाणवतं. शिवाय लिंक दाबली की पान नव्यानं लोड होत नसल्यामुळं स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) गप्प राहतो. शीर्षक बदलणं, फोकस नव्या मथळ्यावर नेणं, सगळं तुम्हीच बघायचं. पान सर्व्हरवरच तयार (रेंडर) करून पहिलं दुखणं बरं होतं, पण पंधरा पानांसाठी एवढा संसार कशाला? लॉगिन, हिशेब, ऑनलाइन बोली असेल तर गोष्ट वेगळी.

खरी लढत वर्डप्रेस आणि ह्यूगोची.

वेगात ह्यूगो सरळ पुढं. पानं आधीच तयार, डेटाबेस नाही, प्लगइनचे (जोड-सॉफ्टवेअरचे) अपडेट नाहीत. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा ही गुगलची अपेक्षा तो फारसं काही न करता गाठतो. पण वर्डप्रेसला उगाच बदनाम करू नका. जड असतो तो बहुधा त्यावर चढवलेला पेज बिल्डर, म्हणजे ओढून-सोडून पानं रचायचं प्लगइन. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या साइटवर स्लायडरमध्ये फोनमधून थेट चढवलेले पाच फोटो होते आणि तीन देवनागरी फॉन्ट. जोडाक्षरांमुळं आपल्या फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी होते, त्यामुळं एकच फॉन्ट, फार तर दोन वजनं (साधं आणि ठळक). बिल्डर काढून साधी ब्लॉक थीम लावली, फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये केले, आणि तीच साइट पळायला लागली.

सुलभतेत, म्हणजे दिसत नसलेल्यांसकट सगळ्यांना साइट वापरता येण्यात, दोघांमध्ये जवळजवळ फरक नाही. चुका आपल्याच असतात. त्याच साइटवर मी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून टॅब दाबत गेलो. कानावर आलं: ‘बटण, बटण, बटण.’ व्हॉट्सअॅप, फोन, नकाशा, तिन्ही चिन्हांना नावच नव्हतं. एचटीएमएलमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली, त्यामुळं पुढचा मराठी मजकूर ऐकवत नव्हता. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की हे सुटतं. ह्यूगोत सेटिंगमध्ये लिहावं लागतं, आणि थीम ते वापरते का तेही तपासावं लागतं.

रंगाचं दुखणं तर खास आपल्याकडचं. हळदवाल्याला सगळं पिवळं हवं असतं. पांढऱ्यावर हळदी अक्षर म्हणजे कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक) किमान हव्या असलेल्या ४.५ ला १ च्या आसपासही जात नाही. पिवळी पार्श्वभूमी द्या, अक्षर गडद तपकिरी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, पण अडत्याला ते सांगून उपयोग नाही. त्याला सांगा, ‘मालक, उन्हात चष्म्याशिवाय दर दिसतील.’ लगेच पटतं.

मग निवडायचं काय? रोजचे दर कोण भरणार, ते आधी विचारा. तुम्हीच भरणार, किंवा साइटवर दर नकोतच, तर ह्यूगो घ्या. दिवाणजी भरणार असतील तर वर्डप्रेस. त्यांना गिट (फाइलींतले बदल नोंदवायचं साधन) शिकवायच्या फंदात पडू नका. फक्त दरांसाठी आधीच एक तक्ता करून द्या: जात, किमान, कमाल, सरासरी, वरच्या ओळीला नीट शीर्षक. नाहीतर सौदे संपल्यावर फळ्याचा फोटो काढून टाकला जातो. तो स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, फोनवर झूम केल्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही, आणि वर दोन-तीन एमबीचा. वर्डप्रेसमध्ये ठरावीक खात्याचा फाइल चढवण्याचा हक्क काढून घेता येतो. दिवाणजींच्या खात्याचा मी पहिल्याच दिवशी काढतो.