उंची वाढवायच्या नादात १८,९८९ रुपये घालवले

लाज वाटत होती म्हणून तीन महिने गप्प होतो. खरं आमच्याच गल्लीतली आणखी दोन पोरं त्याच माणसाला पैसे भरून बसलीत असं परवा कळलं. हसायचं त्यांनी हसून घ्या.

वय वीस. आयटीआय झालंय, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. आमच्याकडं आर्मी भरतीला १६६ सेंटिमीटर लागतात, मी भरलो १६४.५. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळणाऱ्यांत पहिल्या पाचात असायचो, आणि दीड सेंटिमीटरसाठी रांगेतून बाजूला. त्याच आठवड्यात मोबाईलवर या माणसाची जाहिरात दिसली: पंचविशीपर्यंत उंची हमखास वाढते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी ‘तपासणी’चे ४९९, मग पावडर ६,२००, मग ‘दुसरा टप्पा’ ८,७५०. यातले पाच हजार आईच्या भिशीचे. शेवटी परदेशातलं औषध कस्टममधून सोडवायला ३,५४०. ते औषध अजून वाटेतच आहे!

मी अडाणी असतो तर एवढं लागलं नसतं. दिवसभर हातात मापाचा व्हर्निअर असतो, मशीनवर घडवलेल्या जॉबमधली ०.०२ मिलिमीटरची चूक पकडतो. आणि मला या माणसानं साध्या टेपनं गंडवलं. पहिलं माप त्यानं व्हिडिओ कॉलवर घ्यायला लावलं ते रात्री आठला, बारा तास मशीनपुढं उभा राहून आल्यावर. भरलं १६४.२. महिन्यानं म्हणाला, आता पहाटे घ्या, अंथरुणातून उठल्या उठल्या, चहासुद्धा घ्यायच्या आधी. १६५.४! दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण केली आणि आईला हाक मारली. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “सांजचं बी एकदा मोज की रे.”

मोजलं. त्याच रात्री मोजलं. खूण खाली आली, पहिल्या खुणेला जवळजवळ चिकटली. आणि मी काय करावं? पाठ वाकली असेल म्हणून ती खूण थुंकी लावून पुसली आणि दुसऱ्या दिवशी ८,७५० पाठवले. कंपनीत असा जॉब पास केला असता तर सुपरवायझरनं हाकलून दिलं असतं.

नंतर हाडांच्या डॉक्टरकडं गेलो, चारशे रुपयांत एक्स-रे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात आणि रात्री झोपल्यावर परत फुगतात, म्हणून सकाळी कुणीही सेंटिमीटरभर उंच भरतो. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या मुलांत अठराच्या आसपास मिटतात, काहींच्या थोड्या उशिरा. माझ्या मिटल्यात. डॉक्टर म्हणाले, अजून खांदे भरतील, छाती भरेल, दाढी दाट होईल, उंची मात्र झाली तेवढीच. पैसे भरायच्या आधी हा एक्स-रे काढा, पोरांनो. डब्यावरचा खाद्य परवाना नंबरही मोजा, चौदा आकडी असतो. माझ्या डब्यावर तेरा होते. पावसाळी हवेनं लेबल सुटलं तेव्हा खाली दुसरं लेबल निघालं, चॉकलेट चवीच्या दुधात घालायच्या पावडरीचं.

आता पोलीस. अर्ज मराठीत नेला. “कन्नडदाग बरदु कोड्री.” बरं, शेजारच्या काकांकडून कन्नडमध्ये लिहून नेला. तर म्हणे पार्सल महाराष्ट्रातून आलंय, तिकडं जावा. हद्द पंधरा-वीस किलोमीटरवर, गेलो गाडी काढून, अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून. तिकडचे म्हणाले, पैसे कर्नाटकातल्या खात्यातून गेलेत, तिकडंच तक्रार करा. सीमाप्रश्न माझ्याच १८,९८९ रुपयांत घुसला! परत इकडं आलो. एक जण मला खालपासून वरपर्यंत बघून विचारतो, “पावडर खाल्लास न्हवं? मग फसवणूक कसली?” औषधानं उंची वाढते अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मी सांगितलं तर म्हणे वकील हो. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. प्रत्येकाचं बरोबर, चूक तेवढी माझी.

पैसे गेले की त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. लाजत बसू नका. मी अकरा दिवस लाजलो, तोवर त्याच्या खात्यात एक रुपया उरला नव्हता. मालाची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि चॅट डिलीट करू नका, मी रागात निम्मं उडवलं.

काल नव्या नंबरवरून मेसेज आला, फोटो त्याच माणसाचा. आता दाढी दाट करायचा कोर्स, २,९९९. स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, बंदोबस्ताच्या मीटिंगला गेलेले. सोमवारी या म्हणाले.