‘केस मिटवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे ठेवण्याआधी

खोट्या गुन्ह्यात कुणाला गोवलं की दोन-तीन दिवसांत एक मध्यस्थ उगवतो. कधी ओळखीतल्या कुणाचा मित्र, कधी कोर्टाच्या आवारात घुटमळणारा. त्याचं बोलणं ठरलेलं असतं: ‘साहेबांशी बोलणं झालंय. समोरची पार्टी मांडवलीला तयार आहे. आज टोकन द्या, सोमवारी एफआयआर मागे.’ घरचा माणूस आत जाईल या धास्तीने सोनं गहाण पडतं, पैसे रोखीत जातात, आणि सोमवारी काहीच होत नाही. होणार तरी कसं? तो जे विकतो ते विकण्याजोगं नसतंच.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, एकदा नोंदला की तो फिर्यादीच्या हातात राहत नाही. खटला सरकार चालवतं. फिर्यादीला एफआयआर मागे घेता येत नाही आणि पोलिसांना तो फाडता येत नाही. तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. खून, बलात्कार, दरोडा त्यात नाहीत. एफआयआरच रद्द करायचा तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं, ज्याला वकील क्वॉशिंग म्हणतात. तिथेही फिर्यादीची संमती पुरत नाही. खून, बलात्कार, दरोड्यासारखे गुन्हे नुसता समझोता झाला म्हणून रद्द होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली बजावलं आहे.

मध्यस्थ जो कागद दाखवतो तो नीट बघा. पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा गोल शिक्का, खाली सही, आणि मजकूर: ‘गैरसमजातून तक्रार दिली, आता माझी काही तक्रार नाही.’ सही खरीही असेल. पण त्यावर कोर्टाचं नाव नाही, अर्ज क्रमांक नाही, पोलिस ठाण्याचा आवक शिक्का नाही. असल्या कागदाने तपास थांबत नाही. उलट, फिर्यादीवर दबाव आणल्याची शंका म्हणून तोच कागद जामिनाला विरोध करताना तुमच्यापुढे येऊ शकतो. पैसे मोजून आपणच आपल्याविरुद्धचा पुरावा विकत घ्यायचा, असं हे होऊन बसतं.

आणि पैशांपेक्षा वाईट जाते ती वेळ. अटकपूर्व जामीन अटकेआधीच मागायचा असतो; ‘सोमवारपर्यंत थांबा’ ऐकत बसलं आणि रविवारी अटक झाली की तो मार्ग बंद. इथे आकड्यांचा घोळही हेरून वापरला जातो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे क्वॉशिंग होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिच्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. ‘तुमचं ४८२ टाकलंय’ असं कुणी सांगितलं तर कोणत्या कोर्टात आणि काय क्रमांकाने, हे विचारा आणि कोर्टांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंद नसेल तर अर्जही नाही असंच समजा.

पहिल्याच दिवशी एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावर असते. त्यातली घटनेची तारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन त्या वेळी तुम्ही कुठे होतात याचं सीसीटीव्ही शोधा. डीव्हीआरमध्ये, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं चढतं, म्हणून सोसायटीला किंवा दुकानदाराला ते जपून ठेवण्याचं लेखी पत्र द्या, प्रत तपासी अंमलदाराला द्या आणि पोच घ्या. अंमलदार ते चित्रण ताब्यात घेत नसेल तर कोर्टाने मागवावं म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज करता येतो.

आपल्याकडे खऱ्या अर्थाने ‘केस मिटते’ ती पुष्कळदा या पुराव्यावर. तपासात फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर पोलिस कोर्टाला ‘ब’ समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवतात, गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’ समरी. ती मंजूर करायची की नाही हे दंडाधिकारी ठरवतो, मध्यस्थ नव्हे. ‘ब’ आणि ‘क’ मधला फरक मोलाचा आहे, कारण खोट्या फिर्यादीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली कारवाई मागताना ‘ब’ समरी हाताशी असेल तर पाया भक्कम असतो. गंभीर गुन्ह्याच्या खोट्या आरोपाला तिथे १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र प्रकरण कोर्टात गेलं असेल तर २४८ ची तक्रार कोर्टानेच करावी लागते. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज द्या.

पैसे देऊन बसला असाल तर लाजून गप्प राहू नका. मोठ्या गुन्ह्यात अडकवण्याची भीती घालून पैसे उकळणं ही खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८, शिक्षा १० वर्षांपर्यंत. साहेबाच्या नावाने पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा, शक्यतो पैसे देण्याआधी. मग सापळा लावता येतो. दबावाखाली दिले असतील तर सात दिवसांच्या आत कळवणं गरजेचं, नाहीतर लाच देणारा म्हणून तुम्हीच आरोपी होऊ शकता. कॉलचं रेकॉर्डिंग दुसरीकडे पाठवून मूळ फोन पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र जोडताना तो फोन हाताशी लागतो.

निर्दोष सुटल्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही करता येतो. त्यात फिर्यादीचा दुष्ट हेतू आणि आरोपाला वाजवी आधार नव्हता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वकिलाच्या फीच्या पावत्या, बुडालेला पगार, निलंबनाचा आदेश पहिल्यापासून एका फाइलमध्ये ठेवा. मुदत एकच वर्ष आहे, आणि ते मोजायचं निकालाच्या तारखेपासून. निकालाची नक्कल हातात पडल्यापासून नव्हे.