पहिला ट्यूब ॲम्प: चॅम्प बांधावा की डीलक्स?

घरी पहिला ट्यूब ॲम्प (वाल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) बांधायला निघालेल्याला जवळजवळ सगळे एकच सल्ला देतात: फेंडर कंपनीच्या छोट्या चॅम्प ॲम्पपासून सुरुवात कर. गिटारचा सिग्नल वाढवणारी एक प्रीॲम्प ट्यूब, स्पीकर चालवणारी एक पॉवर ट्यूब, एसीचा डीसी करणारा एक रेक्टिफायर, एक व्हॉल्यूम. सल्ला चुकीचा नाही. पण इथे इंदूरमध्ये, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन्ही बांधून आणि दोन्ही वाजवून माझं मन हळूहळू फेंडरच्याच ट्वीड डीलक्सकडे वळलं. त्यामागे मुख्यतः एकच कारण आहे. ते तुम्हाला लागू नसेल, तर तुमचा निर्णय वेगळा होईल आणि तोही बरोबरच असेल.

मी बोलतोय ते ५एफ१ चॅम्प आणि ५ई३ डीलक्सबद्दल. दोन्ही १९५० च्या दशकातले, दोन्हींत ६व्ही६ ही पॉवर ट्यूब आणि ५वाय३ हा रेक्टिफायर. चॅम्पमध्ये ६व्ही६ एकटी राबते, पाचेक वॉट देते आणि आठ इंची स्पीकर वाजवते. डीलक्समध्ये दोघी पुश-पुलमध्ये (एक ढकलते, दुसरी ओढते), बारा वॉटच्या आसपास, बारा इंची स्पीकरवर. बाकीचं तुम्ही सर्किट डायग्राममध्ये पाहिलंच असेल.

आधी चॅम्पची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. इनपुटपासून स्पीकरपर्यंत सिग्नलची वाट बोट ठेवून दाखवता येते. पहिला ट्रायोड (प्रीॲम्प ट्यूबचा अर्धा भाग), व्हॉल्यूम, दुसरा ट्रायोड, ६व्ही६, स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, संपलं. बोर्डवर डाग द्यायच्या जागा इतक्या कमी, की कच्चा डाग शोधायला फार वेळ जात नाही. ट्यूब ॲम्प म्हणजे नेमकं काय चालतं, हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. आवाजही गोड. व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की सिंगल कॉइल पिकअपला जो दाणेदारपणा येतो, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता खटकलं ते. हम.

व्हॉल्यूम शून्यावर, गिटारची केबल काढलेली, तरी स्पीकरमधून एक सलग ‘घूंऽऽ’. ड्रम आणि बास सोबत असतील तर तो कुणाला ऐकूही येणार नाही. पण चॅम्प बांधतो कोण? बहुधा घरी वाजवणारा. रात्री दहानंतर पंखा बंद करून, एक कॉर्ड छेडून ती विरेपर्यंत ऐकत बसणारा. कॉर्ड विरत जाते आणि तिच्या खालून घूं वर येतो. त्यात आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. रेक्टिफायरनंतर डीसीत जी लहर उरते ती इथे १०० हर्ट्झची, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी असतो ९८ हर्ट्झचा. म्हणजे तो जी धरून ठेवलात की हम त्याच्याशी जरासा बेसूर होतो आणि सूर सेकंदाला दोनदा हेलकावतो. एकदा ऐकू आलं की मग ते कानातून जात नाही. अमेरिकेत हीच लहर १२० हर्ट्झची असते. ती ए शार्प आणि बी यांच्या मधे कुठेतरी पडते, गिटारच्या कुठल्याच स्वराला इतकी चिकटत नाही.

शिवाय १२० च्या जागी १०० म्हणजे कंडेन्सरला दोन भरण्यांमध्ये जास्त वेळ तग धरावा लागतो. मूळ सर्किटमधला १६ मायक्रोफॅरडचा पहिला कंडेन्सर तेवढ्याच करंटला इथे साधारण २० टक्के जास्त लहर सोडतो. आणि चॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरला वीज मिळते ती थेट या पहिल्या कंडेन्सरवरून. पुढे १० के आणि २२ के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टन्सचे टप्पे आहेत, पण ते ६व्ही६ ची स्क्रीन (आतली एक जाळी) आणि प्रीॲम्पसाठी. प्लेटच्या, म्हणजे ६व्ही६ च्या आउटपुट टोकाच्या वाटेवर गाळणी नाही. तिथल्या लहरीचा काही भाग ट्रान्सफॉर्मरमधून सरळ स्पीकरवर उतरतो, मग तुमची वायरिंग कितीही नीटनेटकी असो.

डीलक्समध्येही पहिला कंडेन्सर १६ चाच आणि ट्रान्सफॉर्मरची वीजही तिथूनच येते. फरक एवढाच की ती मधल्या टॅपवर (वाइंडिंगच्या मधून काढलेल्या तारेवर) येते आणि दोन अर्ध्या वाइंडिंगमधून विरुद्ध दिशांना जाते. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावला की मधली गाठ हलत नाही, तसं लहरीचं होतं: गाभ्यात ती स्वतःच स्वतःला खोडते. दोन ६व्ही६ अगदी जुळ्या नसल्या तर थोडी उरते, पण माझ्या कानाला तरी ती खोलीतल्या शांततेत मिसळून जाते.

चॅम्पचा हम घालवताच येत नाही, असं मात्र नाही. आधी तो कुठून येतो ते ठरवा. ॲम्प बंद करून १२एएक्स७ (प्रीॲम्प ट्यूब) काढा आणि पुन्हा सुरू करा. हम गेला तर दोष प्रीॲम्पच्या बाजूला: हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या) तारा नीट पिळलेल्या नाहीत, किंवा अर्थची तार भलत्या जागी जोडलीय. हीटरला मधला टॅप नसेल तर १०० ओहमच्या दोन रेझिस्टन्सनी कृत्रिम टॅप करून तो अर्थला जोडा. एवढ्याने खूपदा काम भागतं. १२एएक्स७ काढूनही हम तसाच राहिला, तर तो पॉवरच्या बाजूचा. मग दोन ट्रान्सफॉर्मरचे गाभे एकमेकांना काटकोनात आहेत का पाहा. पहिला कंडेन्सर १६ चा २२ करा. पण तिथे १०० चा टाकायचा मोह नको. ५वाय३ ला सुरुवातीचा तो करंटचा झटका सोसत नाही.

इतकं करून जे उरतं, त्यावर खरा उपाय म्हणजे रेक्टिफायर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्या मधे एक चोक (लहर अडवणारी कॉइल) आणि आणखी एक कंडेन्सर. याने फरक पडतो, आणि चांगला पडतो. पण चोकला चेसिसवर जागा हवी, त्याच्यासाठी नवी भोकं हवीत, तो ट्रान्सफॉर्मरपासून दूर हवा. चॅम्पची चेसिस इवलीशी. जो साधेपणा पाहून चॅम्प निवडला, तोच इथे हातातून सुटायला लागतो. माझं पारडं इथेच फिरलं.

दुरुस्तीच्या बाबतीतही, थोडं उलटं वाटेल, पण मला डीलक्स सोपा वाटतो. पार्ट जास्त आहेत हे खरं. मात्र त्यातले बरेच जोडीने आहेत, आणि जोडी म्हणजे तुलनेची सोय. आवाज बारीक झाला, हम वाढला? दोन ६व्ही६ ची अदलाबदल करा. दोष ट्यूबबरोबर हलला तर ट्यूब खराब, सॉकेटपाशीच राहिला तर वायरिंग तपासा. फेज इन्व्हर्टरला (दोन ६व्ही६ ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याला) प्लेटवर ५६ के आणि कॅथोडकडे ५६ के. दोन्हींतून एकच करंट जातो, म्हणून दोन्हींवर मीटरने जवळजवळ सारखेच व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर रोग सापडलाच म्हणा. बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहतो ते, बघायला २५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टन्सवर मीटर लावा. २० व्होल्ट म्हणजे दोघींचे मिळून ८० मिलीॲम्पिअर, ठीक चाललंय. चॅम्पमध्ये ४७० ओहमवर १९-२० व्होल्ट दिसतात, पण त्या एकट्या ट्यूबची तुलना करायला शेजारी कुणी नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. चॅम्पमध्ये स्पीकरवरून २२ के मधून फीडबॅक मागे आणलेला असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट लागल्या की तो फीडबॅक रोखण्याऐवजी वाढवायला लागतो आणि पहिल्यांदा स्विच मारताच ॲम्प किंचाळतो. प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या) तारा अदलाबदल केल्या की थांबतं, पण नवख्याची छाती धडधडते. डीलक्समध्ये फीडबॅकच नाही, त्यामुळे तारा कशाही लावल्या तरी चालतं.

ट्रान्सफॉर्मरचा विषय निघालाच आहे तर इंदूरच्या लोकांसाठी एक मुद्दा. परदेशातून मागवलेल्या ट्रान्सफॉर्मरला वजनामुळे कुरिअर आणि त्यावर कस्टम ड्युटी लागते, म्हणून इथेच वाइंडिंग करून घ्यायचा विचार मनात येतोच. चॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसी एकाच दिशेने वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यात ई आणि आय पट्ट्यांच्या मधे कागदाची फट ठेवावी लागते. नाहीतर गाभा भरून जातो आणि खालचे सूर दबतात. मेनचे ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या कारागिराचा हात पट्ट्या आलटूनपालटून घालायला सरावलेला असतो. त्याला फट समजावून सांगावी लागते, आणि ती किती ठेवायची हेही आपल्यालाच सांगावं लागतं. पुश-पुलला फट लागत नाही, दोन बाजूंचा डीसी एकमेकांना खोडतो. त्यामुळे डीलक्सचा आठेक हजार ओहमचा ट्रान्सफॉर्मर तो त्याच्या नेहमीच्या पद्धतीने भरू शकतो, फक्त मधला टॅप नीट मधेच निघाला पाहिजे.

जुन्या रेडिओतले वाल्व्ह वापरता येतील का, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडच्या जुन्या वाल्व्ह रेडिओंत सहसा ईएल८४ सापडते. ती नऊ पिनांची. ६व्ही६ च्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही. नव्या ६व्ही६ मागवणं हाच मार्ग.

डीलक्सच्या विरोधात काय? खर्च अर्थातच जास्त: एक ६व्ही६ जास्त, एक प्रीॲम्प ट्यूब जास्त, मोठा स्पीकर, मोठी पेटी. व्हॉल्यूम फार वर नेला तर खालचे सूर पसरट होतात. काहींना तेच हवं असतं, मला फार वेळ सोसत नाही. दोन चॅनलचे व्हॉल्यूम एकमेकांवर परिणाम करतात, ते समजून घ्यायला थोडे दिवस जातात. आणि सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे आवाज. तिलकनगर किंवा राजेंद्रनगरसारख्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं असतील तर डीलक्स मोकळा सोडता येत नाही. पण चॅम्प तरी कुठे सोडता येतो? पाच आणि बारा वॉटमधला फरक चारेक डेसिबलचा. मोठा स्पीकर त्यात आणखी थोडी भर घालतो, तरीही शेजाऱ्याचं दार वाजायचं तर ते दोन्हींना वाजेल. कमी आवाजात वाजवायचं ठरलंच असेल, तर मला मागे घूं नसलेला ॲम्प बरा वाटतो.

कुठलाही घ्या, दोन गोष्टी सोडू नका. पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज दिव्यातून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून. इंदूरच्या महाराणी रोडवर होल्डर आणि सॉकेट सहज मिळतात, बल्ब मात्र तारेचाच हवा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. तसाच भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि आत हात घालण्याआधी कंडेन्सर रिकामे करून मीटरवर खात्री करून घ्या. ३५० व्होल्ट ॲम्प बंद केल्यावरही तिथे थांबून राहू शकतात. स्पीकर न जोडता ॲम्प चालवू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

मेन ट्रान्सफॉर्मर मागवताना प्रायमरीला २४० चा टॅप आहे का, ते विचारा. माझ्या घरी रात्री उशिरा मीटर २४० च्या वर दाखवतो. २३० च्या टॅपवर तेव्हा हीटरला ६.३ ऐवजी ६.६-६.७ व्होल्ट जातात. ट्यूबना तेवढं चालतं, पण बी प्लसही (ट्यूबना मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज) त्याच प्रमाणात चढतं आणि ६व्ही६ विनाकारण तापते. २४० चा टॅप असला की चिंता मिटते. हे दोन्ही ॲम्पना सारखंच लागू आहे.

चॅम्पच बांधायचं पक्कं असेल, किंवा खर्चाची मर्यादा तिथेच असेल, तर चेसिसचा पत्रा वाकवायला देण्याआधीच चोकची जागा आखून घ्या आणि पत्रा मूळ मापापेक्षा दोन इंच लांब घ्या. पेटी तुम्ही सुताराकडूनच करून घेणार, तिचं माप तुमच्या हातात आहे. असा चॅम्प रात्रीच्या रियाजाला उत्तम साथ देतो. पण दोन्हींचं सामान आणणं जमत असेल आणि तुम्ही फक्त ‘पहिल्यांदाच बांधतोय’ या भीतीने चॅम्पकडे वळत असाल, तर माझं ऐका, डीलक्सचा बोर्ड समोर घ्या. चार संध्याकाळी जास्त लागतील, एवढंच.