फ्रीरनिंगची शॉर्टफिल्म: कॅमेरा ट्रायपॉडवर की पळणाऱ्याच्या मागे?

भिंती, पायऱ्या, कठडे यांवरून उड्या-कोलांट्या मारत धावायचं, हे फ्रीरनिंग. त्यावर शॉर्टफिल्म करायची आहे: पळणारा मित्र तयार आहे, जागा हेरून झाली आहे, दोन रविवार मोकळे आहेत. आता अडतं ते कॅमेऱ्यावर. एक तर तो लांब ट्रायपॉडवर ठेवून माणसाला चौकटीतून जाऊ द्यायचं, नाहीतर जिंबलवर (हात हलला तरी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांडीवर) फोन किंवा ॲक्शन कॅमेरा घेऊन आपणही त्याच्या मागे पळायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. फिल्मचा विषय ‘कला म्हणून फ्रीरनिंग’ असेल, तर माझं मत ट्रायपॉडला.

कारण ‘फ्रीरनिंग’ या शब्दाच्या जन्मातच आहे. त्याआधीचा प्रकार म्हणजे पार्कूर. ते वाढलं पॅरिसजवळच्या लीस गावात, डेव्हिड बेल आणि त्याच्या सवंगड्यांच्या हातून. तिथं भर होता अडथळा कमीत कमी श्रमात पार करण्यावर. ‘फ्रीरनिंग’ हे नाव इंग्रजीत रुळलं 2003 च्या ‘जंप लंडन’ या माहितीपटामुळे. त्यातल्या सेबास्तियाँ फुकाँनं स्वतःच्या शैलीला जास्त मोकळीक दिली. गिरकी, कोलांटी, मध्येच थबकणं, गरज नसताना केलेलं वळण, हे सगळं इथं चालतं. म्हणजे हात कुठं गेले, पाठ किती वळली, हे दिसलंच पाहिजे. मागून पळणाऱ्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळ दिसतात ती पाठ आणि टाचा. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अॅस्टेर नाचताना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवं आणि कट कमीत कमी हवेत असा हट्ट धरायचा, तो याचसाठी. मल्लखांब पाहणाराही एका जागी बसून अख्खा खांब पाहतो. खांबाभोवती फिरत बसत नाही.

पण ट्रायपॉड नुसता ठेवून भागत नाही, कुठं ठेवायचा ते कळायला हवं. उडी समोरून, दूरचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सनं टिपली तर दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि मित्राची जीवघेणी झेप गटार ओलांडल्यासारखी वाटते. उलट फटीच्या काठावर उभं राहून वाइड लेन्सनं घेतलं तर आठ फुटांची फट दरी होते. दोन्हीत थोडी लबाडी आहे. उडीच्या रेषेला काटकोनात, कमरेच्या उंचीवर कॅमेरा ठेवलात तर फट जेवढी आहे तेवढीच दिसते. मुख्य म्हणजे धाव, झेप, उतरणं आणि त्यानंतरची लोळण (रोल) एकाच शॉटमध्ये येतात. जाणकाराची नजर उडीपेक्षा उतरण्यावर असते: पाय किती हलके टेकले, गुडघ्यांनी भार कसा झेलला. झेप आणि उतरणं यांच्यामध्ये कट आला की पाहणाऱ्याचा विश्वास तिथंच उडतो.

मागे पळणाऱ्या कॅमेऱ्याची ताकद वेगळी. धाप, भिंत जवळ येताना छातीत होणारी धडधड, वळणावर न दिसणारी पुढची पायरी, हे लांबच्या ट्रायपॉडला कधीच जमणार नाही. फक्त हा कॅमेरा धरणारा स्वतः थोडंफार पार्कूर केलेला हवा. आमच्या पहिल्या प्रयत्नात कॅमेरावाला तिसऱ्या पायरीवर आडवा झाला. फोन वाचला, कोपर नाही. संध्याकाळी अडचण आणखी वाढते: उजेड कमी पडला की शटर मंदावतं, आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणानं धक्के गेले तरी प्रत्येक धक्क्याचा धूसर ठसा चित्रात उरतो. शिवाय ते चित्राच्या कडा कापतं, म्हणून चौकट आधीपासूनच सैल ठेवा. कॅमेरा झपकन वळवला तर उभ्या भिंती तिरक्या होतात, तेही लक्षात असू द्या.

सेटिंग दोन्हीकडे जवळपास सारखंच. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचं शटर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यानं या शटरला पार्किंगमधल्या ट्यूबलाइटही लुकलुकत नाहीत. भर उन्हात लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागेल. स्लो मोशनसाठी 100 फ्रेम ठेवा, पण एखाद्याच उडीला. सगळंच सावकाश केलं की माणसाचं वजन जातं, आणि वजन गेलं की धोकाही जातो.

आवाजात मात्र ट्रायपॉड हरतो. लांबच्या माइकला सिमेंटवर आदळणाऱ्या पायांची चपराक ऐकूच येत नाही. कोणाला तरी रेकॉर्डर देऊन उतरण्याच्या जागेजवळ, चौकटीबाहेर बसवा. परवानगीचं म्हणाल तर ट्रायपॉड दिसला की वॉचमन येतोच. फोन घेऊन पळणाऱ्या दोघांना तो आधी चोर समजतो, मग येतो.

आणखी एक हिशेब पायांचा. चौकट चुकली तर अख्खी लाइन, म्हणजे ठरवलेली धाव आणि उड्या, पुन्हा, आणि दहाव्या उडीचे गुडघे पहिल्या उडीचे नसतात. म्हणून पहिला रविवार पूर्ण ट्रायपॉडला द्या: सकाळचं ऊन तिरकं असताना, आधी हळू चालून चौकट तपासून, अवघड उडी आधी, सोप्या नंतर. दुसऱ्या रविवारी तीच लाइन एकदाच, न थांबता, मागून पळत घ्या. एडिटिंगला बसाल तेव्हा हा मागचा शॉट सुरुवातीला लावायचा मोह होईल. तो शेवटाकडे ठेवा. पाहणाऱ्याला तोवर प्रत्येक भिंत ओळखीची झालेली असते, आणि वळणापलीकडे काय आहे हे ठाऊक असूनही तो श्वास रोखतो.