वाढलेले खिडकीगाळे बरोबर करून घेतले : बेसा येथील गवंडीकामाविषयी अभिप्राय

नागपूरजवळच्या बेसा येथील आमच्या घराचे वीटकाम लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर गेल्यानंतर खिडक्यांचे माप घ्यायला आलेल्या फॅब्रिकेटरने खिडक्यांसाठी मोकळे सोडलेले चार फुटांचे तीन गाळे सुमारे पाच इंचांनी आणि एक गाळा दोन इंचांनी जास्त रुंद असल्याचे दाखवून दिले. मूळ ठेकेदाराच्या मते एवढा फरक प्लास्टरमध्ये निघून गेला असता. परंतु प्लास्टरचा एक थर साधारण १२ ते १५ मिलिमीटरचा असतो. त्यावर थर चढवून दोन इंच भरले, तरी त्यात चौकटीचे स्क्रू घट्ट बसत नाहीत आणि पुढे भेगांतून पाणी झिरपते. म्हणून आम्ही या दुरुस्तीपुरते दुसरे गवंडी लावले.

त्यांनी प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजली, दोन्ही कर्ण ताडून पाहिले आणि ओळंब्यात (सरळ उभ्या रेषेत) असलेल्या बाजूला हात लावला नाही. गाळा अरुंद केल्याने लिंटेलचा टेकू कमी होत नाही, उलट वाढतो, हे त्यांनी समजावून सांगितल्यावर माझी मोठी काळजी मिटली. अर्धी वीट आणि तिचा सांधा मिळून पाच इंच भरतात. तेव्हा बाजूच्या भिंतीतील एकाआड एक थरातली अर्धी वीट छिन्नीने काढून तेथे अख्खी वीट बसवली, म्हणजे नवे काम जुन्यात दातांसारखे गुंतले. दोन इंचांच्या गाळ्यात विटेचे तुकडे न कोंबता त्यांनी भिंतीत सळ्या रोवून, फळी लावून बारीक गिट्टीचे काँक्रीट भरले. हा निर्णय मला सर्वांत योग्य वाटला.

एक त्रुटी मात्र सांगितलीच पाहिजे. मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात त्यांनी एकास चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मसाला एकाच वेळी फार कालवला आणि तो आवळू लागल्यावर पुन्हा पाणी घालू लागले. मी हरकत घेतल्यावर तो फेकून दिला, तरी हे त्यांना सांगावे लागायला नको होते. विटा भिजवणे आणि नव्या कामावर ओले बारदान ठेवून सात दिवस पाणी मारणे त्यांनी नेमाने केले. जुन्या-नव्या सांध्यावर प्लास्टरपूर्वी जाळीही ठोकली. जुलैच्या पावसात पश्चिमेच्या एका खिडकीची सिल (खालची कड) आत उतरती असल्याचे दिसले. निरोप मिळताच त्यांनी येऊन ती वेगळी मजुरी न घेता बाहेरच्या बाजूला उतरती करून दिली.