दहा बोअरची बंदूक आणि माझे 1,475 डॉलर

1,475 डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच "पण गेले किती?" असं कुणी विचारायला नको. 1,150 बंदुकीचे, 85 कुरिअरचे आणि 240 "परत मिळणाऱ्या विम्याचे". रुपयांत नव्वद हजारांच्या घरात. आई फोनवर म्हणाली, "पाखरं मारायला नव्वद हजार? आणि ती बंदूकही आली नाही?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शिकारीवरून मला झोडपायला बसलेल्यांसाठी एकदाच सांगतो. मी कॅनडात, सस्कॅचवानमध्ये राहतो. इथे सप्टेंबर उजाडला की बार्ली आणि वाटाण्याच्या कापलेल्या शेतांत हंसांचे थवेच्या थवे उतरतात. पांढरे हंस तर इतके वाढलेत की हडसन उपसागराकाठचा टुंड्रा त्यांनी मुळासकट उपटून खाल्लाय. म्हणून 1999 पासून या देशात वसंतातही त्यांची शिकार खुली करायला सुरुवात झाली. माझा कोर्स झालेला आहे, बंदुकीचा परवाना आहे, मोसमाचं लायसन्स आहे. जायकवाडीवरच्या पट्टकदंबावर कुणी बंदूक रोखली तर पहिली तक्रार मीच करीन. विषय संपला.

आता दहा बोअरच का? गावाकडे बारा बोअरची बंदूक सगळ्यांना ऐकून माहीत असते. दहा बोअर म्हणजे आकडा लहान आणि नळी मोठी, साधारण 19.7 मिलिमीटर. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला इथे 1999 पासून देशभर बंदी आहे. पोलादाचे छर्रे हलके, लांबवर जाईपर्यंत त्यांचा जोर मरतो. तो भरून काढायला मोठे छर्रे लागतात, आणि मोठे छर्रे पुरेशा संख्येने मावायला मोठं काडतूस. 1988 पासून बारा बोअरचंही साडेतीन इंची काडतूस मिळतं, त्याने काम भागतं हे मला माहीत आहे. पण ते हलक्या बंदुकीतून झाडलं की खांदा दोन दिवस दुखतो. रेमिंग्टन कंपनीची दहा बोअरची एसपी-10 पाच किलोची, तिचं वजनच निम्मा धक्का गिळतं. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बंदुकीवर मी एक सकाळ काढली आणि डोक्यात किडा शिरला. कंपनीने ती बनवणं कधीच थांबवलंय. म्हणजे जुनीच शोधायची, आणि जुनं शोधणारा माणूस म्हणजे काय असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. आयतं गिऱ्हाईक.

जुलै 2023 मध्ये जाहिरात दिसली. वडील वारले, त्यांची बंदूक, घरात कुणी शिकार करत नाही, 1,150 डॉलर. बाकीचे दीड हजाराच्या आसपास मागत होते. चारशेला असती तर मलाही संशय आला असता, एवढा मी बावळट नाही. किंमत कमी का, यालाही विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं. 1 मे 2020 ला सरकारने 20 मिलिमीटर आणि त्यावरच्या नळीवर बंदी आणली, तेव्हा दहा बोअरवाल्यांची पाचावर धारण बसली होती. दहा आणि बारा बोअर त्यात येत नाहीत, असा खुलासा सरकारने केला, तरी कुजबुज पूर्ण थांबली नाही. तो म्हणाला, "आईला भीती वाटते, लवकर घराबाहेर काढायचीय." इतकी आतली गोष्ट माहीत असलेला माणूस चोर कसा असेल?

मी फसलो तो क्षण इथेच आहे. मी विचारलं, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, केवढं? त्याने लिहिलं, "पावणेतीन, तीन, साडेतीन, सगळी काडतुसं चालतात."

अहो, ही मापं बारा बोअरची! दहा बोअरमध्ये पावणेतीन आणि तीन इंची काडतूस मिळतच नाही, आणि एसपी-10 तर फक्त साडेतीन इंचीच खाते. तीन महिने मी याच बंदुकीबद्दल वाचत होतो. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मनात म्हटलं, वडिलांची बंदूक, बिचाऱ्याला काय कळणार. खुलासा त्याने दिलाच नव्हता, त्याच्या वतीने मीच दिला. ही ओळ मला अजून रात्री आठवते.

आणि परवाना! 18 मे 2022 पासून विकणाऱ्याने घेणाऱ्याचा परवाना क्रमांक घेऊन सरकारकडून संदर्भ क्रमांक काढल्याशिवाय साधी शिकारी बंदूकही हातात देता येत नाही. याने माझा परवाना मागितलाच नाही. मी आपणहून विचारलं तर म्हणे, "ते नंतर बघू, आधी बुकिंग करा." जो परवाना मागत नाही त्याच्याकडे बंदूकच नसते. हे वाक्य मला फार महाग पडलंय, तुम्ही फुकट घ्या.

ई-ट्रान्सफर करताना पडद्यावर नाव भलतंच आलं. "बायकोचं खातं आहे." बरं. दोन दिवसांनी कुरिअरचे 85. मग विम्याचे 240, पोचल्यावर परत. हे तिसरे का पाठवले, असं बायकोने विचारलं. कारण आधीचे 1,235 वाचवायचे होते. तुम्हीही पाठवले असते.

नंतर शांतता. बँकेला फोन केला. पंचेचाळीस मिनिटं संगीत ऐकवून बाई म्हणाल्या, "व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, सर." मी मंजूर केला म्हणूनच तर फोन करतोय ना! ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं हे बँकेला दिसतं, पण मला सांगता येत नाही, कारण त्याची गोपनीयता. चोराची गोपनीयता! पोलिस चौकीत खिडकीतल्या माणसाने विचारलं, "बंदूक चोरीला गेली?" म्हटलं, नाही, आलीच नाही. "मग बंदुकीचा गुन्हा नाही." मग माझाच परवाना मागितला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या बंदुका कपाटात कुलूपबंद आहेत ना याची चौकशी केली. जाहिरातदार दुसऱ्या प्रांतातला, तर तिकडे कळवा. तिकडे फोन केला तर म्हणे, तुम्ही राहता तिथे कळवा. शेवटी फसवणूक नोंदवायच्या फोनवर एक क्रमांक मिळाला, आणि त्यासोबत बजावण्यात आलं की क्रमांक मिळाला म्हणजे तपास होईलच असं नाही. तो क्रमांक मी फ्रिजवर चिकटवलाय.

जाहिरातीच्या साइटने मात्र तत्परता दाखवली. तक्रार करताच वीस मिनिटांत जाहिरात काढली, आणि तिच्यासोबत आमचं सगळं संभाषणही. पुरावा गायब. तक्रारीआधी स्क्रीनशॉट काढा! आणि विकणाऱ्याला सांगा, उघड्या चेंबरशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठव. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो.

एक गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. बंदूक येणार म्हणून मी दहा बोअरची चार खोकी काडतुसं आधीच घेऊन ठेवली होती, 231 डॉलर 40 सेंट. बारा बोअरमध्ये ती जात नाहीत. गॅरेजमध्ये वर्षभर पडून होती. शेवटी शेजारच्या त्याच म्हाताऱ्याला विचारलं. त्याने आधी माझा परवाना बघितला, मग स्वतःचा दाखवला, 150 डॉलर रोख मोजले आणि खोकी ट्रकमध्ये ठेवताना विचारलं, "तुझी बंदूक कुठाय?"

"विकली," मी म्हटलं.