शब्दकोश अ‍ॅप आणि ‘राष्ट्रीयीकरण करणे’

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोश अ‍ॅपची सशुल्क आवृत्ती मी सध्या वापरत आहे. शब्द झटपट सापडतो, इंटरनेट नसतानाही काम अडत नाही, शुद्धलेखनही चोख आहे. मात्र राज्यव्यवहार आणि अर्थकारण या दोन्हींत वावरणाऱ्या ‘राष्ट्रीयीकरण करणे’ या क्रियापदाशी हे अ‍ॅप उणे पडते.

नोंदीत ‘राष्ट्रीयीकरण करणे, ताब्यात घेणे, जप्त करणे’ असे तीन प्रतिशब्द केवळ स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवले आहेत. हे तिन्ही व्यवहार वेगळे आहेत. आपल्याकडच्या राष्ट्रीयीकरणात मालकी कायद्याने सरकारकडे जाते आणि जुन्या मालकाला भरपाई मिळते. जप्तीत ती मिळत नाही. १९६९ मध्ये १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणासाठी केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द ठरवला, तेव्हा भरपाईचा मुद्दाच कळीचा होता आणि सरकारला नवा वटहुकूम काढावा लागला. ‘ताब्यात घेणे’ ही तर पुष्कळदा आधीची पायरी असते : कोकिंग कोळशाच्या (पोलाद बनवताना लागणाऱ्या कोळशाच्या) खाणींचे व्यवस्थापन सरकारने ऑक्टोबर १९७१ मध्ये हाती घेतले, पण त्यांचे राष्ट्रीयीकरण मे १९७२ मध्ये झाले. आयुर्विम्याच्या बाबतीतही जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आधी व्यवस्थापन सरकारकडे गेले आणि आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) सप्टेंबरमध्ये उभे राहिले. हा क्रम ज्याला ठाऊक नाही, त्या विद्यार्थ्याचे उत्तर इथेच चुकते.

‘सरकारने कारखाना राष्ट्रीयीकरण केला’ हे उदाहरणवाक्य तर मराठीच्या वळणाचे नाही. कारखान्याचे राष्ट्रीयीकरण केले जाते, किंवा कारखाना राष्ट्रीयीकृत होतो. निविदांच्या जाहिरातींत ‘राष्ट्रीयीकृत बँकेचा धनाकर्ष’ (डिमांड ड्राफ्ट) हा प्रयोग सर्रास आढळतो, तोही नोंदीत नाही. त्या १४ बँकांपैकी एक असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण देता आले असते.

विरुद्धार्थी क्रियापदांची नोंद मात्र मनापासून आवडली. सरकारी हिस्सा विकणे म्हणजे निर्गुंतवणूक आणि नियंत्रणच खासगी हाती देणे म्हणजे खासगीकरण, हा भेद तिथे नेमका सांगितला आहे. मे २०२२ मध्ये एलआयसीचे थोडे समभाग विकले गेले, ही निर्गुंतवणूक. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, हे खासगीकरण. जी काळजी या नोंदीत घेतली, ती मूळ क्रियापदाच्या नोंदीत घेतली जाईपर्यंत विद्यार्थ्यांनी शुद्धलेखनापुरती विनाशुल्क आवृत्ती वापरावी, वर्गणी भरू नये.